गैरहजेरीतले बावीस गुण

शहराच्या गारखेडा भागातल्या एका पहिल्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये आम्ही चौघे दर रविवारी दुपारी दोन ते सहा एक खेळ खेळतो. त्याला पाच वर्षं झाली. खेळ कागद, पेन्सिल आणि दहा बाजूंच्या फाशावर चालतो. एक जण गोष्ट पुढे नेतो आणि समोर काय आहे ते सांगतो. बाकीच्यांचं प्रत्येकी एक पात्र असतं. आपलं पात्र काय करतं ते त्यांनी सांगायचं. जमलं की नाही ते फासा ठरवतो. पात्राला काय किती येतं त्याचे आकडे एका कागदावर लिहिलेले असतात. धनुष्य नऊ, परभाषा आठ, कुलूप उघडणं चार, असे. फाशावर पडेल त्यात हा आकडा मिळवायचा आणि कामाचा आकडा गाठायचा.

प्रत्येक बैठकीचे पात्राला गुण मिळतात आणि ते खर्च करून आकडे वाढवता येतात. ते कसे मिळवावेत आणि कसे खर्च करावेत, हे विकतच्या पुस्तकात दिलेलं होतं. एका रविवारी आमच्यातल्या धनुर्धाऱ्यानं लढाईत मिळालेले गुण पोहण्यावर खर्च केले. तोवरच्या गोष्टीत पाणी कुठेच आलं नव्हतं. त्यावर तासभर वाद झाला, पुस्तक बाजूला गेलं आणि आम्ही घरचे नियम केले.

नियम चार होते. बैठकीला जो हजर असेल त्याला दोन गुण. गैरहजर असेल त्याला नाहीत. जे काम खेळात केलं, जमो वा न जमो, त्याचाच आकडा वाढवता येईल. आकडा एका पायरीनं वाढवायला नव्या आकड्याइतके गुण लागतील, म्हणजे चाराचे पाच करायला पाच, सातांचे आठ करायला आठ. त्यालाच जोडून, एका बैठकीत एकच पायरी. चौथा नियम असा की, पात्र ते काम कुठे आणि कसं शिकलं, हे वाढवणाऱ्यानं सगळ्यांसमोर सांगायचं. ते पटलं तरच आकडा खोडून नवा लिहायचा.

नियमांची भाषा मी केली आणि वहीही माझ्याकडे आली. मी एका दैनिकाच्या डेस्कवर काम करतो, म्हणजे दुसऱ्यांनी पाठवलेल्या बातम्या तपासून, छाटून छापण्याजोग्या करतो. हजेरीचा पहिला नियम मला सगळ्यांत रास्त वाटत होता. जो जागेवर होता त्याचंच नाव बातमीवर लागतं, इतकं ते सरळ होतं. प्रत्येक बैठकीचा वृत्तांत मी वहीत लिहायचो, शेवटच्या ओळीत गुण मांडायचो आणि मंगळवारपर्यंत वृत्तांत फोनवरच्या ग्रुपमध्ये टाकायचो.

गोष्ट चालवणाऱ्याला आम्ही मास्तर म्हणतो. ते आयटीआयमध्ये यंत्राची ड्रॉइंग शिकवतात आणि फ्लॅट त्यांचाच आहे. खेळातलं प्रत्येक कुलूप ते कागदावर खरोखर रेखाटून आणतात, आतल्या पट्ट्या, स्प्रिंगा, खाचा सगळं मापात. कुलूप उघडायचं असेल तर आधी चित्र बघून कुठली पट्टी पहिली उचलायची ते ओळखायचं. ओळखलं तरच फासा टाकायला मिळतो.

धनुर्धाऱ्याचं पात्र ज्याचं आहे तो कन्नड या तालुक्याच्या गावाहून येतो, म्हणून तो कन्नडवाला. तिथं त्याच्या घरचं बी-बियाणं आणि खतांचं दुकान आहे. रविवारी गल्ल्यावर वडील बसतात. सकाळी अकराची एसटी, मग बसस्थानकावरून शेअर रिक्षा. पाच वर्षांत त्याचा एकही रविवार चुकलेला नाही.

चौथ्या आपा. त्या एका खासगी दवाखान्याच्या मेडिकलमध्ये फार्मासिस्ट आहेत. त्यांचं सासर गारखेड्यातच आहे, माहेर पैठणचं. त्यांचं पात्र कुलपं उघडणारी बाई. मास्तरांची चित्रं ओळखण्यात त्यांच्याइतकी नजर कुणाची नव्हती. माझं पात्र दुभाष्या.

मागच्या वर्षी आपा बाळंतपणासाठी पैठणला गेल्या. मध्ये बाळाची तब्येत नरमगरम राहिली, त्यामुळे मुक्काम वाढला. परत आल्या तेव्हा त्यांचे एकतीस रविवार चुकले होते. आता त्या पाच वाजता निघायच्या. दोन ते पाच बाळाला सासूबाई सांभाळत. "हे तीन तास माझे," असं त्यांनी पहिल्याच दिवशी पर्स खुर्चीला अडकवताना सांगितलं. बाकीच्या आठवड्यात त्यांना असे तीन तास नव्हते.

दरम्यान गोष्ट पुढे गेली होती. आमची पात्रं एका किल्ल्याच्या आतल्या भागात पोचली होती. आतल्या प्रत्येक दाराचा आकडा चौदा. आपांच्या बाईचा कुलपाचा आकडा जाताना चार होता, तो चारच राहिला होता. म्हणजे फाशावर बरोबर दहा पडला तरच दार उघडणार. पहिल्या रविवारी त्यांनी चित्र दोन मिनिटांत ओळखलं. फासा सहा. दुसऱ्या वेळी दोन. पुढच्या रविवारी दुसरं दार, दुसरं चित्र, तेही ओळखलं. फासा आधी चार, मग नऊ.

"एकानं गेलं," कन्नडवाला म्हणाला.

"एकानं नाही गेलं, एकतीस रविवारांनी गेलं," आपा म्हणाल्या. "मला कुलूप कळतंय. तिच्या हाताला कळत नाही."

धनुर्धाऱ्यानं शेवटी खिडकीतून दोर टाकून वाट काढली; आपांच्या बाईचे परतल्यापासूनचे चार गुण तो दोर चढणं शिकण्यात गेले. तिसऱ्या रविवारी आपा फारसं बोलल्या नाहीत. बुधवारी ग्रुपवर त्यांचा निरोप आला. त्यात लिहिलं होतं की, माझ्यामुळे तुमचं दार अडतं आणि मी नुसती बसून राहते. येत्या रविवारी काय ते ठरवा, नाहीतर तेवढ्यासाठी सासूबाईंना तीन तास अडकवून ठेवणं मला बरं वाटत नाही. खाली हसरा चेहरा वगैरे काही नव्हतं.

मास्तरांना दाराचा आकडा कमी करता आला असता. मी त्यांना फोनवर तसं विचारलं.

"आतलं दार बाहेरच्यापेक्षा हलकं कसं असेल?" ते म्हणाले. "ज्यानं किल्ला बांधला तो काय खुळा होता? आणि आपांना ते लगेच कळेल. परत येणार नाहीत." मग म्हणाले, "तुम्ही वही बघून या. हजेरीचा नियम आपण आजवर कधी सैल केला का, ते काढा."

कन्नडवाल्याचं म्हणणं त्याच दिवशी ग्रुपवर आलं होतं, तीन मिनिटांच्या आवाजी निरोपात. मागून कुणीतरी युरियाचा भाव विचारत होतं. तो म्हणत होता, "आपांचा लई मान हाय मला. पन उद्या गैरहजर मानसाला बी गुन द्यायचे तर मग मी कशाला दोन तास एस्टीत उभा ऱ्हातो? मागच्या पावसाळ्यात गाडी बंद पडली तवा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून आलो, ते कुनी लिहिलंय का?"

ते मी लिहिलं होतं. वृत्तांतात एक ओळ होती.

शनिवारी सकाळी ड्यूटीला जाण्याआधी मी वह्या काढल्या. तीन वह्या भरल्या होत्या. नियम कधीही सैल झालेला नाही, असं दाखवता येईल अशी माझी खात्री होती. एका कागदावर दोन रकाने आखले, गैरहजेरी आणि गुण. कन्नडवाल्याच्या नावापुढे रकाना कोराच. आपांच्या पुढे एकतीस गैरहजेऱ्या, गुण शून्य. माझ्या पुढे सहा गैरहजेऱ्या निघाल्या. निवडणुकीच्या काळात आमच्या साप्ताहिक सुट्ट्या रद्द होतात. तेव्हाचे सहा रविवार मी बैठकीला नव्हतो. त्या सहाही रविवारी माझ्या नावापुढे दोन-दोन गुण होते. अक्षर माझंच.

हे कसं झालं ते आठवायला वेळ लागला नाही. त्या सहा रविवारी मास्तरांनी टेबलावर फोन ठेवून बैठक रेकॉर्ड केली होती. सोमवारी सकाळी मी ती ऐकली, नेहमीसारखा वृत्तांत लिहिला आणि शेवटच्या ओळीत सगळ्यांचे गुण मांडले. स्वतःचे मांडताना काही खटकलं नव्हतं. डेस्कवरच्या माणसाची ती जुनी सवय आहे. अपघाताची बातमी चार वेळा वाचून, दोनदा फोन करून, तपशील जुळवून लावली की आपण रस्त्याच्या कडेला उभे होतो असंच वाटतं. त्या सहा बैठकांत कोण कुठे उभं होतं हे मी आजही सांगू शकेन. मी नव्हतो, एवढंच त्यातून सुटलं होतं.

मग आपांचे एकतीस रविवार पुन्हा वाचले, या वेळी गुणांची ओळ सोडून वरचा मजकूर. त्यात ठिकठिकाणी एकसारखं वाक्य होतं: "चित्राचा फोटो पैठणला पाठवला, कुठली पट्टी ते आपांनी कळवलं, त्यांच्या वतीने फासा कन्नडवाल्यांनी टाकला." कुठे लगेच, कुठे पाऊण तासानं, एकदा बाळ झोपल्यावर. अशा बैठका मोजल्या. अकरा होत्या. त्या अकरापैकी सात दारं उघडली होती आणि आम्ही त्यांतून पुढे गेलो होतो. प्रत्येक वृत्तांताच्या शेवटी आपांच्या नावापुढे मी "गैरहजर" लिहिलं होतं.

वही माझ्याशिवाय कुणी वाचत नसे. ग्रुपवर वृत्तांत जायचा, गुणांची ओळ जायची नाही. रविवारी नुसतं "नियम सैल झालेला नाही" म्हटलं असतं तर ते मान्य झालं असतं आणि आपा उठून गेल्या असत्या. मी बातमीच्या दुरुस्तीसारखी एक दुरुस्ती लिहिली. डेस्कवर तिचा एक साचा असतो: काय छापलं, खरं काय, आणि चूक कुणाची. सहसा चूक कुणाची ते आम्ही गाळतो. इथे ते लिहिलं.

रविवारी आपा वेळेवर आल्या. पर्स त्यांनी खुर्चीला न अडकवता मांडीवर ठेवली. मास्तरांनी पोह्यांच्या बश्या बाजूला सारल्या आणि मला वाचायला सांगितलं. मी दुरुस्ती वाचली. सहा रविवार, बारा गुण, गैरहजर असताना घेतले. अकरा रविवार, बावीस गुण, काम केलेलं असताना दिले नाहीत. दोन्ही नोंदी वही ठेवणाऱ्याच्या.

 मग कन्नडवाला म्हणाला, "तरीच म्हनलं, ह्यांच्या दुभाष्याचं पीक बिनखताचं एवढं जोमात कसं."

"मुद्दाम नव्हतं," मी म्हणालो.

"ते तर लईच वाईट," तो म्हणाला. "मुद्दाम असतं तर मागंच पकडलं असतं तुम्हाला."

आपा कागद मागून घेऊन पुन्हा वाचत होत्या. "अकरा?" त्या म्हणाल्या. "मला वाटलं चार-पाच वेळा असेल. अम्मी म्हणायची, ये क्या, पोरगी रडतेय आणि तू कुलपाचे फोटो बघतेस."

मास्तरांनी निर्णय सुचवला. माझे बारा गुण परत घ्यायचे. त्यांपैकी चार शिल्लक होते, उरलेल्या आठांसाठी दुभाष्याचा परभाषेचा आकडा आठावरून सातावर. मी खोडून सात लिहिला. आपांना अकरा बैठकांचे बावीस गुण. बाकीच्या वीस रविवारांचे काही नाहीत.

"वीसचे मागतच नाही मी," आपा म्हणाल्या. "खैरात नको. त्या वीसमध्ये मी खरंच नव्हते. काही वेळा तर रविवार आहे हेसुद्धा माहीत नव्हतं."

हिशेब सोपा होता. चाराचे पाच, पाचांचे सहा, सहांचे सात, एकूण अठरा गुण, चार शिल्लक. पण एका बैठकीत एकच पायरी, हा नियम होताच. त्या दिवशी पाच झाले असते तर दारासाठी नऊ किंवा दहा लागले असते. मी ते बोलून दाखवलं. आपांनी पर्सची चेन उघडली आणि परत लावली.

मास्तर म्हणाले, "या एका वेळेस तीन पायऱ्या चालवून घेऊ."

"नाय," कन्नडवाला म्हणाला. "एका बैठकीत एकच पायरी. ते मोडायचं नाय."

"भाऊ, मग राहू दे," आपा म्हणाल्या.

"अवो आपा, पुरतं ऐका तर. गुन आजचे हाईत का? आजचे नाईत. अकरा बैठकांचे हाईत. पेपरवाल्यांनी वेळेवर लिहिले असते तर तुम्ही पाच एका रविवारी केला असता, सहा दुसऱ्या, सात तिसऱ्या. वहीत मागं जा आन त्या त्या तारखेला लिवा. नियम कुठं मोडतोय?"

मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. डेस्कवर मागच्या तारखेनं काही लिहिणं हा गुन्हाच मानतात. पण इथे मागच्या तारखेचीच चूक दुरुस्त होत होती. मी मान हलवली. कुठल्या तीन तारखा, ते मी वहीतून वाचलं. त्या तिन्ही दिवशी आधी पुरेसे गुण जमलेले असायला हवे होते आणि ते होते.

"फक्त शिकली कुठं ते तिन्हीचं सांगावं लागंल," कन्नडवाला म्हणाला. "माझ्या धनुर्धाऱ्याला नऊ करताना मी पेरूच्या बागेतले राघू सांगितले, तर तुम्ही दोन रविवार हसत होता."

आपांनी पर्स खाली ठेवली. त्यांची बाई नदीकाठच्या एका गावात आईकडे गेली होती, असं त्यांनी सांगितलं. पाच झाले ते आईच्या जुन्या पेटीच्या कुलपावर. किल्ली हरवलेली, आत काय आहे ते आई सांगेना, म्हणून बाई रोज दुपारी बसली. सहा झाले ते नावेच्या साखळीवर. गंजलेलं कुलूप, हात ओले.

"आणि सात?" मास्तरांनी विचारलं.

"सात एका हातानं. दुसऱ्या हातावर बाळ होतं."

"बाळ कुठून आलं?" कन्नडवाला म्हणाला. "खेळात बाळ नव्हतं."

"आता आहे."

मास्तरांनी पेन्सिल उचलली. "वजन किती?"

"साडेसहा किलो."

"मग ओझ्याच्या रकान्यात लिहा. किल्ल्यात आणलंय का गावी ठेवलंय?"

"सासूकडे ठेवलंय," आपा म्हणाल्या. "पाचपर्यंत."

आकडा मान्य झाला. मी तीन तारखांपुढे तीन नोंदी केल्या आणि प्रत्येकीवर "दुरुस्ती" असं लिहून त्या दिवसाची तारीख घातली. हजेरीचा नियमही बदलला. नवा मसुदा असा झाला: त्या दिवशीच्या गोष्टीत ज्यानं काही केलं त्याला गुण, तो कुठे बसून ते करतो हे पाहू नये. मास्तरांनी कन्नडवाल्याला विचारलं की, आता तूही दुकानात बसून फोनवर खेळशील का?

"आन घरून निघायचं कारन काय सांगू मग?" तो म्हणाला. "मी येनारच." मग त्यानं एक अट घातली. दर रविवारी सुरुवातीला मागच्या बैठकीची गुणांची ओळ मोठ्यानं वाचायची, आणि ती मी वाचायची नाही, त्यानं वाचायची. ती अट वहीत पाचवा नियम म्हणून गेली. तेव्हापासून तो दर रविवारी वाचतो. माझ्या नावाशी थांबतो आणि माझ्याकडे बघतो.

या सगळ्यात साडेतीन वाजले. खेळ सुरू झाला. आमची पात्रं आता त्याहून आतल्या दारासमोर होती, आकडा तोच चौदा. मास्तरांनी नवं चित्र टेबलावर ठेवलं, पाच पट्ट्या आणि एक खोटी खाच. आपांनी ते उलटं करून पाहिलं, मग खिडकीच्या उजेडाला धरलं. खोटी खाच त्यांनी लगेच दाखवली. पहिली पट्टी कुठली यासाठी दहा मिनिटं घेतली. दरम्यान मास्तरांनी चहा केला. त्यांचं उत्तर बरोबर आलं.

आता सात किंवा त्याहून जास्त पडायला हवं होतं. आपांनी फासा टाकला. तीन.

नियमानं एका चित्राला दिवसात दोनदा फासा टाकता येतो. दुसऱ्या वेळी पाच पडला. दार बंदच राहिलं. कन्नडवाल्यानं खिडकी आणि दोराचा विषय काढला. ती युक्ती आधी वापरली होती आणि वर आता पहारेकरी होते, पण त्याच्या धनुष्याच्या नऊला पहारेकरी जड नव्हते.

"नाही," आपा म्हणाल्या. "खिडकी नको. मी दाराशी आहे."

त्यामुळे आमची पात्रं दाराशी थांबली. दुभाष्यानं आतला आवाज ऐकायचा प्रयत्न केला; सातावर आल्यामुळे त्याला अर्धंच कळलं. पाचला दहा मिनिटं असताना आपांनी आपला कागद घडी न करता पुठ्ठ्यात ठेवला. कुलपाच्या रकान्यासमोर, काम केलं याची खूण म्हणून, त्यांनी दोन टिंबं काढली. सासूबाईंचा फोन आला; आपा "निघाले, निघाले" म्हणाल्या आणि चपला घालताना दारातून मागे वळून मास्तरांना म्हणाल्या, "चित्र फाडू नका. आणि पाचनंतर याला कुणी हात लावायचा नाही, सांगून ठेवते."

त्या गेल्यावर सहापर्यंत आम्ही तिघं दाराला हात न लावता खेळलो. फार काही घडलं नाही. वृत्तांत पाऊण पानाचा झाला.